नव्या गाडीचं इंजिन ऑईल : खान्देशातल्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अखाजी (अक्षय तृतीया), दसरा आणि धनत्रयोदशी या मुहूर्तांवर आमच्या भागात नव्या गाड्या घरी येतात. महिना-दीड महिन्यात दुकानावर प्रश्न येतो, "भाऊ, गाडीमा कोनतं तेल टाकानं?" अमळनेरला आमचं स्पेअर पार्ट आणि ऑईलचं दुकान आहे. काउंटरवर उभ्या उभ्या पूर्ण उत्तर देता येत नाही. मागे गिऱ्हाईक थांबलेलं असतं, विचारणाराही घाईत असतो. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे लिहून काढले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच लोकांचं नुकसान होताना पाहिलं आहे.

कोणतं ऑईल टाकायचं, हे ठरवायचं कुठून?

गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकातून. डॅशबोर्डच्या कप्प्यात ते प्लास्टिकच्या पिशवीत असतं आणि बहुतेकांनी ती पिशवी फोडलेलीही नसते. शेवटच्या भागात 'स्पेसिफिकेशन' किंवा 'रेकमेंडेड लुब्रिकंट्स' असं पान असतं. त्यावर तुमच्या इंजिनासमोर दोन गोष्टी छापलेल्या असतात : ग्रेड (उदाहरणार्थ ०डब्ल्यू-२०) आणि दर्जा (उदाहरणार्थ एपीआय एसपी). किती लिटर बसतं तेही तिथेच असतं. बऱ्याच गाड्यांना बॉनेटखाली ऑईल भरायच्या झाकणावरही ग्रेड कोरलेली असते.

एक काळजी घ्या. एकाच मॉडेलची पेट्रोल, टर्बो पेट्रोल आणि डिझेल अशी तीन इंजिनं असतात आणि तिघांचं ऑईल वेगळं असू शकतं. शेजारच्या दादांची गाडी दिसायला तुमच्यासारखीच असली, तरी त्यांच्या डब्याचा फोटो दाखवून ऑईल मागू नका. आरसी बुकवर इंधन लिहिलेलं असतं. ते आणि पुस्तकातलं पान, एवढे दोन फोटो मोबाईलमध्ये ठेवले की कुठल्याही दुकानात चूक होत नाही.

डब्यावरचे ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० हे आकडे काय सांगतात?

ऑईल किती पातळ, किती जाड. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा गार ऑईल किती सहज वाहतं ते सांगतो. ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर आणि २०डब्ल्यूची उणे १५ वर. शेवटचा आकडा इंजिन तापल्यावरचा, म्हणजे १०० अंशांवरचा जाडपणा सांगतो. २० पातळ, ४० जाड, ५० त्याहून जाड.

आपल्याकडे उणे तापमान कधीच नसतं. मग भुसावळच्या उन्हाळ्यात एवढं पातळ ऑईल कशाला? २०डब्ल्यू-५० टाकलं तर काय बिघडेल?

हा खान्देशातला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि विचारणारा चुकीचा नसतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, बॉनेटला हात लावता येत नाही. अशा वेळी पाण्यासारखं ऑईल इंजिनात आहे म्हटल्यावर काळजी वाटणारच.

पण इंजिनाच्या आतलं तापमान बाहेरच्या उन्हावर ठरत नाही. रेडिएटर आणि थर्मोस्टॅट मिळून ते एका पट्ट्यात ठेवतात. इंजिन नीट तापलं की आतलं ऑईल साधारण ९० ते ११० अंशांवर असतं. डिसेंबरात धुळ्याला पारा पाच-सहा अंशांवर असला तरी तेच आणि मे महिन्यात भुसावळला ४५ वर असला तरी जवळपास तेच. इंजिन बनवणाऱ्याने बेअरिंगमधल्या फटी, ऑईल पंप, बारीक वाटा हे सगळं त्याच तापमानाचा आणि त्याच जाडपणाचा हिशोब धरून केलेलं असतं.

आता गार इंजिनाचं बघा. ०डब्ल्यू-२० ऑईलचा जाडपणा १०० अंशांवर साधारण ८ सेंटिस्टोक (जाडपणा मोजायचं एकक) असतो. तेच ऑईल ४० अंशांवर ४० ते ४५ सेंटिस्टोक भरतं. म्हणजे भर उन्हात, अंगणात उभ्या असलेल्या गाडीतलं ऑईलसुद्धा, चालत्या इंजिनातल्या ऑईलपेक्षा पाचपट जाड असतं. आपल्याला ऊन वाटतं, पण इंजिनाच्या हिशोबाने ते गारच आहे. २०डब्ल्यू-५० त्याच ४० अंशांवर दीडशेच्या पुढे जातं. सकाळी चावी फिरवल्यावर हे घट्ट ऑईल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पोचायला जास्त वेळ घेतं, आणि इंजिनाची बरीचशी झीज नेमकी त्या वेळेत होते.

शिवाय आजच्या इंजिनात ऑईल फक्त वंगणाचं काम करत नाही. व्हॉल्व्हचं टायमिंग पुढे-मागे करणारी यंत्रणा, चेन ताणून धरणारा टेन्शनर, काही इंजिनांतले हायड्रॉलिक टॅपेट हे सगळं ऑईलच्या दाबावर चालतं. जाड ऑईल टाकलं की यांचं काम मंदावतं, अ‍ॅव्हरेज कमी होतं आणि कधीकधी चेक इंजिनचा दिवाही लागतो.

जुन्या जीप-अ‍ॅम्बॅसिडरच्या काळात २०डब्ल्यू-५० बरोबर होतं, कारण त्या इंजिनांच्या फटी मोठ्या होत्या. ज्या मिस्त्रींनी आयुष्यभर ती इंजिनं उघडली, त्यांचा सल्ला त्या इंजिनांना धरून आहे. तुमच्या पुस्तकात जर दोन ग्रेड दिल्या असतील, म्हणजे ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३० दोन्ही चालतील असं लिहिलं असेल, तर पूर्ण लोड घेऊन नेहमी चाळीसगावचा कन्नड घाट किंवा तोरणमाळ चढणाऱ्याने ५डब्ल्यू-३० घ्यावं, असं माझं मत. पण पुस्तकाने दिलेल्या ग्रेडच्या बाहेर जाऊ नका.

एपीआय एसएन, एसपी, एसीईए सी-३ ही अक्षरं कशाची?

ग्रेड जाडपणा सांगते, ही अक्षरं दर्जा सांगतात. एपीआय ही अमेरिकन पद्धत. 'एस'ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोल इंजिनासाठी आणि 'सी'ने सुरू होणारी डिझेलसाठी. एसची दुसरी अक्षरं जितकी पुढची, तितका दर्जा नवा. एसएन जुनं, एसपी २०२० मध्ये आलं आणि एसक्यू २०२५ मध्ये. पुस्तकात एसएन लिहिलं असेल तर एसपी चालतं. उलटं चालत नाही.

टर्बो पेट्रोल गाडी असेल तर हे जास्त मनावर घ्या. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनात, कमी आरपीएमवर एकदम पाय दाबला की मिश्रण कधीकधी ठिणगी पडण्याआधीच पेटतं. त्या धक्क्याने पिस्टन तुटू शकतो. जुन्या दर्जाच्या काही ऑईलमधली रसायनं याला हातभार लावतात, म्हणून आधी एसएन प्लस आणि मग एसपी या दर्जांत यासाठी वेगळी चाचणी घातली गेली. धुळे-सुरत रस्त्यावरच्या कोंडाईबारी घाटात टॉप गिअरमध्येच गाडी ओढायची सवय अनेकांना आहे. चांगलं ऑईल टाका आणि गिअरही खाली घ्या.

एसीईए ही युरोपियन पद्धत आहे. त्यातल्या 'सी' गटाचं काम पुढच्या प्रश्नात येतं.

माझी डिझेल गाडी बीएस-६ आहे. जुन्या डिझेल गाडीचं ऑईल चालेल का?

नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची जाळी आली. धुरातली काजळी ती अडवते आणि ठरावीक वेळाने स्वतःला तापवून ती काजळी जाळून टाकते.

चुलीचं उदाहरण घ्या. लाकूड जळून जातं, राख मात्र उरते. ती काढावीच लागते. डीपीएफमध्ये काजळी जळते, पण ऑईलमधल्या धातूंच्या रसायनांची राख जळत नाही. ती जाळीत साचत जाते आणि तिथून काढायची सोय गाडीत नाही. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑईल लागतं. एसीईए सी-२ आणि सी-३ या दर्जांत राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. ट्रक-ट्रॅक्टरच्या सीआय-४ ऑईलला असं बंधन नाही. ते दोन-तीनदा टाकलं म्हणून गाडी लगेच थांबत नाही. म्हणूनच लोकांना वाटतं की चालतं. पण जाळी भरत जाते, आणि बदलायची वेळ आली की तिची किंमत अनेक वर्षांच्या ऑईलपेक्षा जास्त निघते.

मिनरल, सेमी-सिंथेटिक, फुल सिंथेटिक?

मिनरल म्हणजे कच्च्या तेलातून गाळून काढलेलं, सिंथेटिक म्हणजे जास्त प्रक्रिया करून बनवलेलं, सेमी म्हणजे दोन्हींचं मिश्रण. पुस्तकात ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असेल तर फारसा प्रश्न उरत नाही, या ग्रेड बहुतेक सिंथेटिकच येतात. ५डब्ल्यू-३० मध्ये निवड असेल तर सिंथेटिक घ्या. उष्णतेने ते उशिरा बिघडतं. मात्र सिंथेटिक टाकलं म्हणून बदलायची मुदत स्वतःच्या मनाने दुप्पट करू नका.

शोरूमवाले म्हणतात आमचंच ऑईल टाका. बाहेरच्या कंपनीचं चालणार नाही का?

गाडी कंपन्या ऑईल स्वतः काढत नाहीत, तेल कंपन्यांकडून बनवून घेतात आणि डब्यावर आपलं नाव टाकतात. ते चांगलंच असतं. पण ग्रेड आणि दर्जा पुस्तकाप्रमाणे जुळत असेल तर इंडियन ऑईलचं सर्वो असो, भारत पेट्रोलियमचं मॅक असो किंवा दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीचं, इंजिनाला फरक पडत नाही. मी ऑईल विकतो, तरीही सांगतो : वॉरंटी आहे तोवर शोरूमला सर्व्हिसिंग करत असाल तर तिथलंच घ्या. कागद स्वच्छ राहतात. फक्त बिलावर ऑईलची ग्रेड लिहिलेली आहे का ते बघा, नसेल तर लिहून मागा.

पहिल्या फ्री सर्व्हिसिंगला ऑईल बदलायचं का? लोक म्हणतात नव्या इंजिनातला लोखंडाचा कीस निघतो.

पूर्वी निघायचा, कारण सिलिंडर आणि रिंगा एकमेकांना घासून बसायच्या. आताचं मशीनकाम बारीक आहे आणि जो थोडा कीस निघतो तो फिल्टर धरतो. अनेक गाड्यांना १,००० किलोमीटरच्या सर्व्हिसिंगला फक्त तपासणी असते. पुस्तकात बदला असं नसेल तर नका बदलू. काही कारखाने पहिलं ऑईल मुद्दाम वेगळं भरतात, तेव्हा ते लवकर काढण्यात शहाणपण नाही. मनाला फारच चुटपुट लागत असेल तर ५,००० ला एकदा बदला. नुकसान नाही, फक्त पैसे जातील.

पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरला ऑईलपेक्षा चालवण्याकडे लक्ष द्या. एकाच वेगाने तासन्‌तास हायवेवर पळवू नका, फुल अ‍ॅक्सिलरेटर देऊ नका. नवी गाडी घेतल्या दिवशीच सहा-सात माणसं भरून सप्तशृंगीला नेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. देवीला जरूर जा, पण दोन गाड्यांत जा.

मग बदलायचं किती किलोमीटरवर?

बहुतेक पुस्तकांत १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष असं असतं, काहींत १५,००० किंवा १ वर्ष. यातलं जे आधी येईल ते. लोक 'किंवा'च्या पुढचं वाचत नाहीत.

शेतकऱ्याला हे समजावणं सोपं आहे, कारण त्याच्या घरी ट्रॅक्टर आहे. ट्रॅक्टरचं ऑईल आपण किलोमीटरवर बदलतच नाही, तासांवर बदलतो. बहुतेकांचा हिशोब अडीचशे तासांच्या आसपास असतो. का? कारण वावरात दिवसभर राबून ट्रॅक्टर फार लांब जात नाही, पण इंजिन मात्र दिवसभर चालतं. कारचंही इंजिनच आहे. धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव हायवेवर येणं-जाणं असेल आणि सरासरी वेग ५० चा पडत असेल, तर १०,००० किलोमीटरला २०० तास होतात. गावातल्या गाडीचा सरासरी वेग २० चा पडला तर त्याच १०,००० किलोमीटरला ५०० तास. मीटरवरचा आकडा एकच, पण दुसऱ्या गाडीच्या ऑईलने अडीचपट राबणूक केलेली आहे. अनेक नव्या गाड्यांच्या डिस्प्लेवर सरासरी वेग दिसतो. तो बघा आणि स्वतः भागाकार करा.

पुस्तकात याच तक्त्याखाली किंवा पुढच्या पानावर आणखी एक तक्ता असतो, 'सिव्हिअर कंडिशन' नावाचा. कठीण वापर. त्यात धुळीचे आणि खराब रस्ते, रोजच्या छोट्या फेऱ्या, इंजिन चालू ठेवून गाडी बराच वेळ उभी करणं, ३२ अंशांच्या वर उन्हात गर्दीतून चालवणं, घाट, ओझं ओढणं असं लिहिलेलं असतं. प्रत्येक कंपनीचे शब्द थोडे वेगळे, पण यादी साधारण हीच. आता आपल्या भागातली कुठली गाडी यात बसत नाही ते सांगा. मार्चपासून जूनपर्यंत ऊन आहे, शिवाररस्त्याला फुफाटा आहे, लग्नसराईत एसी लावून मांडवाबाहेर तासभर गाड्या उभ्या आहेत. अशा वापराला पुस्तक मुदत कमी करायला सांगतं, बऱ्याचदा निम्मी. माझा सल्ला असा : बहुतेक चालणं हायवेचं असेल तर छापील मुदत पाळा. निम्म्याहून जास्त गावातलं आणि शिवारातलं असेल तर ५,००० ते ७,५०० च्या दरम्यान बदला आणि वर्षाची मुदत कधीच ओलांडू नका.

गाडी फार चालतच नाही. वर्षात तीन हजारसुद्धा होत नाही. तरी बदलायचं?

हो. याबद्दल मला घरातलंच सांगायचं आहे.

माझ्या मोठ्या भावाने घेतलेली पेट्रोल गाडी रोज घर ते बाजार समिती एवढीच चालायची, तीन किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. मुलं पुण्याला. अडीच वर्षांत ५,००० किलोमीटरही झाले नव्हते. मी त्याला म्हटलं होतं, "आप्पा, अजून दहा हजार कुठे झालेत, राहू द्या." ऑईल विकणारा माणूस असून मी हे म्हटलं. एके सकाळी टकटक आवाज सुरू झाला. वरचं टॅपेट कव्हर उघडलं तर आत काकवीसारखा काळा, चिकट थर. खालचा चेंबर (ऑईल साठतं ते भांडं) काढला तर ऑईल ओढायची जाळी अर्धी बुजलेली. कॅमशाफ्टवर ओरखडे पडले होते. मोठं काम निघालं. ते बिल बघताना भाऊ मला काहीच बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

झालं काय होतं? १ लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच, १ लिटरच्या जवळपास पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सायलेन्सरवाटे जातं. थोडं मात्र पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली ऑईलमध्ये उतरतं, सोबत न जळलेलं पेट्रोलही असतं. गाडी अर्धा-पाऊण तास चालली की ऑईल तापून हे सगळं उडून जातं. तीन किलोमीटरमध्ये ऑईल तापतच नाही. पाणी आत राहतं, आम्ल तयार होतं, त्याला मारणारी ऑईलमधली रसायनं संपतात आणि मग गाळ धरतो. मुंबई-पुण्याला मुलं, गावी म्हाताऱ्या आई-वडिलांजवळ गाडी, अशी कितीतरी घरं चोपडा, शहादा, पाचोरा भागात आहेत. त्या मुलांना सांगणं : दिवाळीला घरी आलात की किलोमीटर बघू नका, ऑईल आणि फिल्टर बदलून जा. आणि वडिलांना सांगा, आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास मोठ्या रस्त्यावर चालवत जा.

शेतात रोज जातो. धुळीचा ऑईलशी काय संबंध?

धूळ ऑईलमध्ये येते ती एअर फिल्टरवाटे. मातीत वाळूचे बारीक कण असतात, ते लोखंडाहून कठीण. फिल्टर फाटला असेल किंवा डबीत नीट बसला नसेल तर हे कण सिलिंडरमध्ये जातात, तिथून ऑईलमध्ये, आणि मग ऑईल वंगणाऐवजी पॉलिश पेपरचं काम करतं. कापूस वेचणीच्या आणि केळी काढणीच्या दिवसांत, रावेर-यावल पट्ट्यात ट्रकमागून गाडी चालवणाऱ्यांनी एअर फिल्टर दर दोन महिन्यांनी उघडून बघावा. जोरात हवा मारून कागद फाडू नका. खराब दिसला की बदला.

सीएनजी गाडीला वेगळं ऑईल लागतं का?

कंपनीने बसवून दिलेलं सीएनजी असेल तर पुस्तकात जे आहे तेच. एक मात्र ध्यानात ठेवा. सीएनजी स्वच्छ जळतो, त्यामुळे ऑईल लवकर काळं होत नाही. ऑईल मोजायच्या पट्टीवर (डिपस्टिक) सोनेरी दिसतं म्हणून लोक मुदत पुढे ढकलतात. ते आतून जुनं होतच असतं.

आणि डिझेलमध्ये उलटं होतं. दोन दिवसांत ऑईल काळं पडलं. गॅरेजने बदललंच नाही का?

बदललं असेल. डिझेलची काजळी धरून ठेवणं हे ऑईलचंच काम आहे. काळं झालं म्हणजे ते काम करतंय. रंगावरून ऑईल ओळखता येत नाही. दुधाळ, चहासारखं दिसलं तर मात्र त्यात पाणी किंवा कूलंट आहे. तेव्हा गाडी चालवू नका, मेकॅनिकला बोलवा.

ऑईलची पट्टी घरी कशी बघायची?

सपाट जागी गाडी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑईल खाली उतरेल. पट्टी काढा, स्वच्छ फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढा. दोन खुणांच्या मध्ये ऑईल हवं. खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत बहुतेक गाड्यांत लिटरभराच्या आसपास बसतं, त्यावरून टॉपअपचा अंदाज येतो. थोडं थोडं टाकून बघत जा. वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो, आणि फेस वंगण देत नाही. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी बघायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

माझ्या डिझेल गाडीत ऑईल कमी होण्याऐवजी वाढलंय!

याकडे दुर्लक्ष करू नका. डीपीएफ स्वतःला तापवताना जास्तीचं डिझेल फवारलं जातं आणि त्यातलं थोडं खाली ऑईलमध्ये उतरतं. गाडी छोट्या फेऱ्यांचीच असेल तर ही सफाई अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, पुन्हा डिझेल उतरतं. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर मुदत झालेली नसली तरी ऑईल बदला. पुढे दर आठवड्या-पंधरा दिवसांत एकदा २०-२५ मिनिटं हायवेवर एका लयीत गाडी चालवा. आणि ज्यांचं रोजचं चालणं फक्त ६-७ किलोमीटरचं आहे, त्यांनी नवी गाडी घेताना डिझेल घेऊच नये असं मी सांगतो.

घरात ट्रॅक्टरचं ऑईल शिल्लक आहे. टाकू का? बाईकचं?

नाही. ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४० नव्या कारला जाड पडतं आणि त्यात राखही जास्त. गिअर आणि ब्रेकचं एकत्र ऑईल येतं, त्याचा तर इंजिनाशी काहीच संबंध नाही. दोन्ही डबे शेजारी ठेवू नका, अंधारात गल्लत होते. बाईकचं ऑईल ओल्या, म्हणजे ऑईलमध्येच बुडालेल्या, क्लचचा विचार करून बनवलेलं असतं.

अडचणीची वेळ वेगळी. धडगाव-तोरणमाळच्या बाजूला आहात, पट्टी खालच्या खुणेच्याही खाली आहे आणि जवळच्या टपरीवर फक्त बाईकचं ऑईल मिळतंय, तर अर्धा लिटर टाका आणि हळू चालवत शहाद्यापर्यंत या. ऑईल नसण्यापेक्षा ते बरं. मग लगेच पूर्ण बदला.

ऑईल फिल्टर दरवेळी बदलायलाच हवा का?

दरवेळी. जुन्या फिल्टरमध्ये जुनं ऑईल आणि सगळा कचरा राहतो. बदलताना उभं राहून दोन गोष्टी बघा : जुन्या फिल्टरचं रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, आणि ड्रेन बोल्टला नवा वॉशर घातला ना. दहा-वीस रुपयांचा वॉशर वाचवण्यापायी ऑईल ठिबकत गेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

बाहेर ऑईल बदललं तर वॉरंटी जाते का?

तुमच्या वॉरंटी पुस्तिकेत काय लिहिलंय ते वाचा, कंपनीगणिक अटी वेगळ्या आहेत. बहुतेक ठिकाणी ठरलेली सर्व्हिसिंग वेळेवर आणि अधिकृत केंद्रात झालेली हवी असते. मधल्या काळात तुम्ही स्वतःहून जास्तीचं एक ऑईल बदललंत, तर ऑईलचं, फिल्टरचं बिल आणि त्या दिवशीच्या मीटरचा फोटो जपून ठेवा.

डुप्लिकेट ऑईल कसं ओळखायचं?

वास आणि रंगावरून मलाही ओळखता येत नाही, तुम्हीही प्रयत्न करू नका. पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. झाकणाचं सील, बॅच नंबर, बनवल्याची तारीख बघा. डब्यावर क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा. भावात फारच फरक असेल तर घेऊ नका. आणि ऑईल ओतून झालं की रिकामा डबा तिथेच खिळ्याने भोसकून टाका किंवा कापा. नकली माल याच डब्यांत भरला जातो.

चालता चालता ऑईलचा लाल दिवा लागला तर?

किटलीसारखा दिसणारा लाल दिवा म्हणजे ऑईलचा दाब गेला. बाजूला घ्या आणि लगेच इंजिन बंद करा. "पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ" म्हणू नका. दाब नसलेलं इंजिन काही मिनिटांत सीझ होतं. पट्टी बघा, ऑईल कमी असेल तर भरा. भरूनही दिवा गेला नाही तर गाडी टो करून न्या. खडबडीत रस्त्यावर चेंबरला दगड लागल्यानंतर हा दिवा लागला असेल तर खाली वाकून ऑईल गळतंय का ते आधी बघा.

काढलेल्या काळ्या ऑईलचं काय करायचं? लोक मागून नेतात.

देऊ नका. आपल्याकडे जळकं ऑईल दाराच्या चौकटीला वाळवीसाठी लावतात, आणि गुरांच्या जखमेवर, कुत्र्याच्या खरजेवरही चोपडतात. त्यात शिशासारखे धातू आणि अर्धवट जळलेल्या इंधनाची विषारी रसायनं असतात. जनावर ते चाटतं. जखमेसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. विहिरीजवळ, नाल्यात, बांधावर ओतलेलं ऑईल पावसाबरोबर पाण्यात उतरतं. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑईल हा घातक कचरा आहे आणि तो नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवा. घरी ऑईल बदललं असेल तर झाकण घट्ट लावलेल्या डब्यात भरून मोठ्या गॅरेजला किंवा सर्व्हिस सेंटरला द्या, त्यांच्याकडे ते उचलणारी गाडी येते. डब्यावर मार्करने 'जुनं ऑईल' असं ठळक लिहा आणि घरातल्या लहान मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवू नका.